वाल्सेलेचा नंबर

आमच्या देशात प्रत्येक फुटबॉल क्लबला एक नंबर असतो. क्लब ज्या क्रमाने संघटनेत नोंदले गेले, त्या क्रमाने दिलेला. म्हणजे नंबर जितका लहान, तितका क्लब जुना. नाव बदलता येतं, जर्सीचा रंग बदलता येतो, मैदान विकून तिथे बंगले बांधता येतात आणि लोक बांधतातही; नंबर मात्र तोच राहतो. आमच्या वाल्सेलेचा नंबर दोन आकडी होता. आसपासच्या गावांचे सगळे चार आकडी. आमची पोरं हरतानासुद्धा तो नंबर गात हरायची. मी तो इथे लिहिणार नाही. आता तो कुणाचाच नाही, आणि माझ्या हातून कागदावर उतरावा असं मला वाटत नाही.

माझा नवरा फिर्मिन या क्लबचा अध्यक्ष होता. धंद्याने खाटीक, चर्चसमोरचं दुकान आमचंच. खेळाडू म्हणून तो यथातथाच होता, बहुतेक वेळ बाकावरच बसलेला. आमचं लग्न ठरलं त्या वर्षी आधीचे अध्यक्ष एका पराभवानंतर इतके चिडले, की त्यांनी क्लबच्या किल्ल्या कँटीनच्या काउंटरवर आपटल्या आणि निघून गेले. सगळे त्या किल्ल्यांकडे बघत राहिले. फिर्मिनने त्या उचलल्या. ‘काउंटर पुसायचा होता म्हणून उचलल्या,’ असं तो पुढे आयुष्यभर सांगायचा. खोटारडा! त्याचे डोळे कसे चमकले होते ते मी पाहिलंय. मी तेव्हाच पळून जायला हवं होतं. त्याऐवजी मी कँटीन चालवायला घेतलं.

लोकांना वाटतं अध्यक्ष म्हणजे कोट घालून पहिल्या रांगेत बसणारा माणूस. फिर्मिनकडे कोट एकच होता आणि तो बहुतेक वेळा मयतीला लागायचा. शॉवरच्या जाळीत अडकलेले केस कोण काढणार? अध्यक्ष. चुन्याच्या रेषा कोण मारणार? अध्यक्ष. पोराला खेळू द्या म्हणून त्याच्या आईपुढे बसून तिचा कोरडा पाव-केक कोण चावणार? तोही अध्यक्षच. खेळाडूच्या लग्नात बोलायचा फिर्मिन, बारशाला बोलायचा फिर्मिन, आणि कबरीपाशीही फिर्मिनच. बोलण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. गोलकीपर रॉजर वारला तेव्हा त्याच्या बायकोला तो जे बोलला, ते तिने नंतर मला शब्दन् शब्द म्हणून दाखवलं होतं. नोव्हेंबरात आम्ही रक्ताच्या सॉसेजचं जेवण घालायचो, अख्खा गाव यायचा, आणि त्यातून वर्षभराचे चेंडू यायचे. आमची मुलगी इल्से असल्या घरात वाढून शाकाहारी झाली आणि गेंटला राहायला गेली. मी तिला दोष देत नाही.

चांगले दिवसही आले. एके काळी आम्ही इतके वर चढलो होतो, की शहरातले संघ बस करून आमच्या चिखलात यायचे आणि शिव्या देत परत जायचे. मग हळूहळू सगळं ओसरलं. शेजारच्या रुडेगेमने प्लास्टिकच्या गवताचं मैदान केलं आणि आमची पोरं सायकली मारत तिकडे जाऊ लागली. म्हातारे एकेक करून गेले. फेब्रुवारीत आमचा सेक्रेटरी मॉरिस गेला. फिर्मिन म्हणाला, त्याचं काम मीच बघतो. मी म्हटलं, तुला कॉम्प्युटर चालू करता येत नाही. तो म्हणाला, शिकेन. तो काही शिकला नाही.

त्याच वसंतात बर्गोमास्टर बाईंनी, म्हणजे आमच्या महापौरांनी, सांगून टाकलं, की दोन गावांना मिळून एकच मैदान आणि एकच क्लब राहील. रुडेगेमचा अध्यक्ष हेन्द्रिक दे व्रीसे दुकानामागच्या आमच्या स्वयंपाकघरात बोलणी करायला आला. हा माणूस श्रीमंतांच्या बागेत पोहण्याचे तलाव बांधतो आणि हिवाळ्यातही उन्हाने भाजलेला असतो.

‘‘नाव तुमचं घ्या,’’ फिर्मिन म्हणाला. ‘‘रंग तुमचा घ्या. मैदान तर तुमचंच आहे. फक्त नंबर आमचा राहू दे.’’

दोन क्लब एक झाले, की एकच नंबर जगतो. दुसरा खोडला जातो आणि पुन्हा कधी कुणाला दिला जात नाही.

‘‘राहू दे की,’’ दे व्रीसे म्हणाला. ‘‘पण ज्याचा नंबर, त्याच्याच विभागात नव्या संघाला खेळावं लागतं. तुम्ही यंदा शेवटून दुसरे आहात, फिर्मिन. तुमच्या त्या म्हाताऱ्या नंबरापायी माझी पोरं खालच्या विभागात उतरणार नाहीत हं.’’

‘‘आम्ही घसरणार नाही.’’

‘‘आणि घसरलात तर?’’

‘‘तर तुझा नंबर.’’

त्यांनी हात मिळवले. दे व्रीसे वाईट माणूस नाही. जाताना त्याने डुकराच्या बरगड्या विकत घेतल्या आणि सूट मागितली नाही. तो गेल्यावर फिर्मिन खुर्चीत बसून राहिला. ‘‘लिव्ह,’’ तो मला म्हणाला, ‘‘बाकी सगळं जाऊ दे. तेवढा राहिला, तर आपण राहिलो.’’

शेवटच्या सामन्यापर्यंत त्याचा जीव टांगणीला लागला. जिंकलो तर वाचलो, एवढं सरळ गणित होतं. सामना आमच्याच मैदानावर होता. आणि आमच्याकडे एक पद्धत होती, फिर्मिननेच घातलेली: जो खेळाडू निवृत्त होतो, तो मोसमातला घरचा शेवटचा सामना कप्तान म्हणून सुरू करतो. दंडावरची पट्टी अध्यक्ष स्वतः बांधतो. त्या वर्षी निवृत्त होणार होता कुर्ट. हा आमचा बचावपटू. दुधाचा टँकर चालवायचा, आणि सहा वर्षांचा असल्यापासून आमच्याच जर्सीत. त्याच्या आईला पटवायला फिर्मिनच गेला होता. बाप लवकर गेला, मग गाडी चालवायला कुर्टला फिर्मिननेच शिकवलं, मुलीला मागणी घालताना काय बोलायचं तेही शिकवलं. गुडघ्यामुळे वर्षभर तो राखीव संघातच होता.

‘‘या सामन्यात नको, अध्यक्ष,’’ कुर्ट म्हणाला. ‘‘मला दहा मिनिटं शेवटी घाला. पट्टीबिट्टी राहू दे.’’

‘‘पद्धत म्हणजे पद्धत,’’ फिर्मिन म्हणाला. ‘‘रडू नकोस, बूट घाल.’’

आता पाटीबद्दल सांगते. खेळाडूंच्या खोलीच्या दारावर मॉरिसने एक शाळेतली पाटी टांगली होती. मोसमात ठरावीक पिवळी कार्डं झाली, की खेळाडूला पुढचा सामना खेळता येत नाही. कुणाची किती झाली हे मॉरिस बघायचा, आणि जो बाहेर त्याचं नाव खडूने पाटीवर लिहायचा. खेळाडू स्वतः कधीच मोजत नसत. आत शिरताना पाटीकडे बघायचं, आपलं नाव नाही ना, मग कपडे बदलायचे. मॉरिस गेल्यावर फिर्मिनने ती पुसून स्वच्छ केली आणि बजावलं, की या पाटीला कुणी हात लावायचा नाही. आठवण म्हणून. तेव्हापासून ती कोरीच होती. आणि त्या दिवशीसुद्धा सगळ्यांनी सवयीने तिच्याकडे बघितलं, तिच्यावर नाव नाही असं पाहिलं, आणि आत गेले. मॉरिस मेला आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आमच्या सवयीला ते कुणी कळवलं नव्हतं.

संघाची नावं टॅबलेटवर भरायची असतात. कुर्टच्या नावापुढे लाल खूण आली होती म्हणे. फिर्मिनने ती दाबून पुढे ढकलली. त्याच्या मते त्या यंत्रात नेहमीच काहीतरी लाल असतं.

आम्ही एक-शून्य जिंकलो. कुर्ट सगळा सामना खेळला, गुडघा सुजेपर्यंत. शेवटी गोलरेषेवरून त्याने डोक्याने चेंडू काढला तेव्हा मी कँटीन सोडून बाहेर धावले, हातात ओला टॉवेल तसाच. नंबराचं गाणं पोरांनी घसा बसेपर्यंत म्हटलं. फिर्मिन एका बाजूला उभा राहून रडत होता. मी म्हटलं, लोक बघतायत. तो म्हणाला, बघू देत.

मंगळवारी संघटनेकडून कळवलं गेलं. आमच्याऐवजी जो क्लब खाली गेला असता, त्यांनी तक्रार केली होती. कुर्टला राखीव संघाच्या मागच्या सामन्यात एक पिवळं कार्ड मिळालं होतं, आणि त्याने त्याचा कोटा भरला होता. रविवारी तो खेळूच शकत नव्हता. सामना आम्ही पाच-शून्य हरलो असं धरलं गेलं होतं. म्हणजे विभागही गेला आणि नंबरही.

अपील करायला मुभा होती. त्या संध्याकाळी फिर्मिनने कुर्टला बोलावलं आणि ब्रामलाही. ब्राम आमचा मधल्या फळीतला पोरगा, गॅरेजमध्ये काम करणारा. राखीव संघाच्या त्या सामन्यात कुर्टच्या पाठीवर चार हा आकडा होता आणि ब्रामच्या पाठीवर चौदा. फिर्मिनने दार लावून घेतलं.

‘‘पावसात चौदाचा चार दिसू शकतो,’’ तो म्हणाला. ‘‘कार्ड ब्रामला दाखवलं होतं. रेफ्रीने लिहिताना चूक केली. ब्राम, तू सांगशील की ते तुझं होतं. कुर्ट, तू सांगशील की तुला कुणी काही दाखवलंच नाही. एवढंच.’’

मी कॉफी ओतत होते. मी किटली खाली ठेवली. ‘‘फिर्मिन, हे करू नकोस.’’

‘‘तू गप्प बस.’’

इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला खूप काही बोलले, पण ‘गप्प बस’ असं तो मला कधी म्हणाला नव्हता. ब्राम मान खाली घालून हसला. पोराला ती गंमत वाटत होती. कुर्ट हसला नाही.

‘‘अध्यक्ष, ते कार्ड माझंच होतं.’’

‘‘माहीत आहे रे लेका.’’

‘‘मी तसल्या खोलीत कधी बोललेलो नाही.’’

‘‘मी आहे ना तिथे,’’ फिर्मिन म्हणाला. ‘‘माझ्यासाठी करू नकोस. नंबरासाठी कर.’’

कुर्टने माझ्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, बरं.

सुनावणी ब्रुजला होती. कुर्टच्या गाडीतून आम्ही चौघं गेलो. फिर्मिनने मयतीचा कोट घातला होता. समितीत मधल्या खुर्चीवर एत्येन बसला होता. हा एत्येन आमच्या सॉसेजच्या जेवणाला दर वर्षी यायचा आणि दोनदा वाढून घ्यायचा. तो फिर्मिनकडे बघून नुसता मान हलवून थांबला. आधी ब्राम बोलला. चांगलं बोलला, मला लाज वाटावी इतकं चांगलं. मग कुर्टला विचारलं. ‘‘मला कार्ड दाखवलं नाही,’’ एवढंच तो टेबलाकडे बघत म्हणाला. मग रेफ्रीला बोलावलं. इमाने नावाची मुलगी, नर्सिंग शिकणारी, हातात हेल्मेट. सायकलवरून आली असावी.

‘‘पावसात नंबर चुकला असेल का?’’ एत्येनने विचारलं.

‘‘नंबर चुकू शकतो,’’ ती म्हणाली. ‘‘पण माणूस नाही चुकला. सामना संपल्यावर हे माझ्या खोलीच्या दाराशी आले होते.’’ तिने कुर्टकडे हात केला. ‘‘म्हणाले, मघाशी मी तुमच्यावर ओरडलो ते चुकलं, कार्ड बरोबर होतं. आणि खोलीत हीटर बंद आहे म्हणून मला कॉफी आणून दिली. माझा पहिलाच मोसम आहे. लोक दाराशी येतात ते शिव्या द्यायला. म्हणून लक्षात राहिलं.’’

ती कॉफी मीच भरून दिली होती त्याला, कागदी कपात. मुलगी कुर्टकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ‘हे असं का म्हणतायत’ हे तिला खरंच कळत नव्हतं, आणि तिला वाटत होतं की चूक बहुधा तिचीच.

‘‘हो,’’ कुर्ट म्हणाला. ‘‘मीच होतो. ती बरोबर सांगतेय.’’

एत्येनने चष्मा काढला. ‘‘फिर्मिन,’’ तो म्हणाला, ‘‘घरी जा.’’

अपील फेटाळलं गेलं आणि ब्रामला अर्धा मोसम बंदी झाली. तो मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसला होता आणि आता त्याचं हसू गेलं होतं. फिर्मिन पुढे, कुर्टच्या शेजारी. हायवे सोडून आम्ही आत वळलो, बटाट्याच्या शेतांमधून जाऊ लागलो. मग फिर्मिन बोलला. काचेतून बाहेर बघत, अगदी हळू.

‘‘एक वाक्य गिळता आलं नाही तुला.’’

कुर्टने आम्हाला दुकानासमोर उतरवलं, फिर्मिनच्या बाजूचं दार नीट लागलं नव्हतं ते उतरून पुन्हा लावलं, आणि गेला.

मी त्या रात्री फिर्मिनशी भांडले. खूप भांडले. म्हटलं, पाटी तू पुसलीस, लाल खूण तू दाबलीस, खोटं तू शिकवलंस, आणि ऐकवलंस कुणाला? तो म्हणाला, मला कळतंय. मी म्हटलं, मग जा त्याच्याकडे. तो म्हणाला, जाईन. दुसऱ्या दिवशी दुकान होतं. तिसऱ्या दिवशी पाय दुखत होते. ज्या माणसाने उभ्या गावाच्या उंबऱ्यांवर जाऊन बोलण्यात जन्म घालवला, त्याला चार गल्ल्या पलीकडचं एक दार सापडेना.

दरम्यान गावात गोष्ट पसरली, आणि ती ज्या रूपात पसरली त्याने मी हादरले. फिर्मिनवर कुणीच रागावलं नाही. दुकानात लोक त्याची पाठ थोपटायचे. ‘‘निदान तू प्रयत्न तरी केलास!’’ ब्रामच्या बापाने तर त्याला बिअर पाजली. सगळा राग गेला कुर्टकडे. नंबर कुणी घालवला? कुर्टने. जिंकलेला सामना कुणी हरवला? कुर्टने. एका पोरीसमोर सभ्य दिसायचं होतं त्याला. कुणीतरी त्याच्या टँकरच्या धुळीवर बोटाने तो दोन आकडी नंबर लिहिला आणि त्याच्यावर फुली मारली. फिर्मिनने हे सगळं दुकानात उभं राहून ऐकलं, मांस कापत. तो एकदाही म्हणाला नाही की थांबा, खोटं मी रचलं होतं, त्याला नको होतं. त्याला ती थोपटलेली पाठ हवी होती असं नाही. त्याचं तोंडच उघडत नव्हतं. मी बोलले, पण माझं काय, मी कँटीनवाली आणि त्याची बायको.

विलीनीकरणाची सभा आमच्याच कँटीनमध्ये झाली. शेवटची. कुर्ट आला होता, सभासद होता तो. खिडकीशी बसला आणि त्याच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. खोली भरलेली, लोक भिंतीला टेकून उभे, तरी त्या दोन खुर्च्या रिकाम्याच. मी जाऊन एकीवर बसले.

हात वर करून मतदान झालं. आमच्यात अध्यक्षाने पहिला हात वर करायचा असतो. फिर्मिनने केला. मग बाकीच्यांनी. कुर्टनेही केला, आणि मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, ‘‘बघा, नंबर घालवला आणि आता हात वर करतोय!’’ लोक हसले. फिर्मिनने ऐकलं. मी त्याच्याकडे बघत होते. ओठ हलले त्याचे. आता बोलेल, मला वाटलं. आता तरी.

पण दे व्रीसे उठला. त्याला तो क्षण निभावून न्यायचा होता बिचाऱ्याला. ‘‘मंडळी, एक प्रस्ताव आहे. नव्या क्लबचे सन्माननीय अध्यक्ष म्हणून, तहहयात, आपले फिर्मिन!’’

टाळ्या सुरू झाल्या. फिर्मिनने हात वर करून त्या थांबवल्या.

‘‘कुठल्या क्लबचा?’’ त्याने विचारलं.

कुणाला झोंबावं म्हणून तो ते बोलला नव्हता. तो खरंच विचारत होता. टाळ्या विरल्या. माझ्या शेजारची खुर्ची मागे सरकली. कुर्ट उठून, माणसांमधून वाट काढत, ‘सॉरी, सॉरी’ म्हणत दाराकडे गेला. त्याच्याच पाठोपाठ फिर्मिन निघाला, टेबलाला धडकत, अध्यक्षाची खुर्ची तशीच मागे टाकून. मी खिडकीत उभी राहिले. खोलीतले सगळेच बघत होते.

कुर्ट गाडीत बसला होता. फिर्मिन त्याच्या खिडकीशी वाकला आणि बोलू लागला. बराच वेळ बोलत होता, हात गाडीच्या टपावर ठेवून. मग गाडी हळूच मागे आली, वळली आणि रस्त्याला लागली. फिर्मिनचा हात तसाच हवेत राहिला.

मी बाहेर गेले. ‘‘बोललास का?’’

‘‘बोललो.’’

‘‘काय बोललास?’’

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा मी इतकी वर्षं रोज बघितलाय, पण तो त्या वेळी माझ्या ओळखीचा नव्हता.

‘‘गुडघ्याबद्दल विचारलं,’’ तो म्हणाला. ‘‘म्हटलं, गुडघ्याला थंडीत जप. टँकरचं विचारलं. त्याच्या आईचं विचारलं. सगळं विचारलं गं, लिव्ह. ते एकच मला म्हणता आलं नाही.’’

‘‘आणि तो?’’

‘‘तो म्हणाला, ‘माफ करा अध्यक्ष, मी नंबर घालवला.’ आणि मी, मी काही बोललोच नाही. मग त्याने काच वर केली.’’

आत दे व्रीसे लोकांना बिअर घ्यायला सांगत होता. काउंटरवर कुणी नव्हतं, म्हणून मला जावं लागलं.